व्हँडेनबर्ग: दक्षिणेला मोकळा समुद्र असलेला अवकाशतळ

सागरगोटा

कॅलिफोर्नियाचा नकाशा समोर घ्या. सॅन फ्रान्सिस्कोकडून किनारा खाली उतरत येतो, पॉइंट आर्ग्वेयो आणि पॉइंट कन्सेप्शन ही दोन भूशिरं लागतात आणि तिथून तो जवळजवळ काटकोनात पूर्वेला वळतो. त्या वळणाच्या टोकावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं तर पुढे थेट अंटार्क्टिकापर्यंत पाणीच पाणी. व्हँडेनबर्गचा सगळा इतिहास या एका वळणातून आलेला आहे.

केप कॅनव्हेरल सगळ्यांना ठाऊक असतं, कारण माणसं तिथून चंद्रावर गेली. व्हँडेनबर्गहून आजवर एकही माणूस अवकाशात गेलेला नाही, म्हणून त्याचं नाव आपल्याकडे फारसं कानावर पडत नाही. पण हवामान, शेती, समुद्र, बर्फ, शत्रूचे तळ, जे जे वरून बघायचं ते बघणारे अमेरिकेचे कितीतरी उपग्रह इथूनच गेलेत. शेजारच्या सांता मारियात राहायला आल्यापासून या जागेने मला धरून ठेवलंय, म्हणून हा धागा.

१९४१ मध्ये इथे लष्कराने कॅम्प कुक उभारला, रणगाड्यांच्या सरावासाठी. युद्धाच्या काळात जर्मन युद्धकैदीही इथे होते. १९५७ मध्ये जागा हवाई दलाकडे आली, कारण क्षेपणास्त्रांसाठी विस्तीर्ण, विरळ वस्तीची आणि समुद्राला लागून असलेली जमीन हवी होती. हा तळ सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा आहे. ऑक्टोबर १९५८ मध्ये जनरल हॉइट व्हँडेनबर्ग यांचं नाव दिलं गेलं, त्याच डिसेंबरात थॉर हे पहिलं क्षेपणास्त्र उडालं आणि २८ फेब्रुवारी १९५९ ला डिस्कव्हरर-१. ध्रुवीय कक्षेत उपग्रह पाठवायचा जगातला हा पहिला प्रयत्न.

ध्रुवीय कक्षेत उपग्रह उत्तर-दक्षिण फिरत राहतो आणि खाली पृथ्वी स्वतःभोवती फिरते. त्यामुळे दर फेरीला नवा पट्टा नजरेखाली येतो आणि काही दिवसांत अख्खी पृथ्वी बघून होते. पूर्वेला उडणाऱ्या अग्निबाणाला पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो. इथे तो उपयोगाचा नाही. उलट बऱ्याच उपग्रहांना दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला जायचं असतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ३८० मीटरचा तो वेग आधी मोडून काढायचा आणि मग पुढे जायचं. इंधन जास्त लागतं, वजन कमी नेता येतं. तरीही ही जागा निवडली, कारण अग्निबाण बिघडला तर तो कोणाच्या घरावर पडणार नाही.

डिस्कव्हररची खरी गोष्ट १९९५ मध्ये उघड झाली. जाहीरपणे शास्त्रीय प्रयोग, आतून 'कोरोना' नावाचा हेरगिरीचा कार्यक्रम. सुरुवातीचे बारा प्रयत्न फसले. ऑगस्ट १९६० मध्ये डिस्कव्हरर-१४ ने फिल्मची डबी खाली सोडली, ती पॅराशूटने उतरत असताना हवाई बेटांजवळ एका सी-११९ मालवाहू विमानाने मागे सोडलेल्या आकड्यांनी तिला हवेतच पकडलं. त्या एका डबीत सोव्हिएत संघाचा जेवढा प्रदेश टिपला होता, तेवढा त्याआधीच्या सगळ्या यू-२ हेरविमानांच्या फेऱ्यांनी मिळून टिपला नव्हता. डिजिटल कॅमेरे नसताना लोकांनी हे जमवलं, हे वाचून मी आजही थक्क होतो.

२०२१ च्या मे महिन्यात या तळाचं नाव बदलून व्हँडेनबर्ग स्पेस फोर्स बेस झालं. स्लिक सिक्स या लाँच पॅडबद्दल सवडीने वेगळा प्रतिसाद लिहितो, तो विषय मोठा आहे.

---

मेतकूट

धागा आवडला. दोन शंका. फ्लोरिडाहून ध्रुवीय कक्षेत जाताच येत नाही का? आणि आपल्याकडे श्रीहरिकोटा पूर्वेला आहे, मग ध्रुवीय उपग्रहांसाठी आपला कोकण किनारा का नाही वापरत? पश्चिमेला अरबी समुद्र मोकळाच आहे की.

---

सागरगोटा

@मेतकूट, फ्लोरिडाहून जाता येतं, पण वाट वाकडी करून. १९६० मध्ये केपहून सुटलेल्या एका थॉरचे तुकडे क्युबात पडले आणि मोठं राजकारण झालं. पुढे कित्येक दशकं ती दिशा बंदच होती. ऑगस्ट २०२० मध्ये स्पेसएक्स कंपनीचा फाल्कन-९ अग्निबाण तिथून पुन्हा ध्रुवीय कक्षेकडे गेला, फ्लोरिडाच्या किनाऱ्याला वळसा घालून.

श्रीहरिकोट्याची अडचण श्रीलंका आहे. सरळ दक्षिणेला गेलं तर अग्निबाण तिच्यावरून जाईल. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला जातो आणि मग वाटेत दक्षिणेकडे वळतो. या वळणात इंधन जातं. पीएसएलव्ही ते सोसतो, पण लहान एसएसएलव्हीला ते फार महाग पडतं. म्हणूनच तमिळनाडूत तूत्तुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिणमला नवा तळ होतोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तो श्रीलंकेच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथून दक्षिणेला सरळ जाता येईल. आपलं व्हँडेनबर्ग व्हायची लायकी असलेली जागा तीच.

कोकणातून पूर्वेला उडवलं तर अख्खा देश खाली येतो, म्हणजे ती दिशा बाद. दक्षिणेला लक्षद्वीप आणि मालदीव. वस्तीही दाट. एवढं सगळं सांभाळून जे मिळणार ते कुलशेखरपट्टिणमला जास्त सोपेपणाने मिळतं.

---

नाखवा

छान लिहिताय. त्या वळणाची एक जुनी आणि दुःखद गोष्ट आहे, ती इथे यायलाच हवी. ८ सप्टेंबर १९२३. अमेरिकी नौदलाच्या विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन डिएगोला निघाल्या होत्या. रात्र, धुकं आणि वीस नॉटचा वेग. सगळ्यात पुढे डेल्फी होती. वेग आणि वेळेच्या हिशोबावरून त्यांनी ठरवलं की आपण वळणाच्या पुढे आलो, आता पूर्वेला वळून सांता बार्बराच्या खाडीत शिरायचं. किनाऱ्यावरच्या रेडिओ स्थानकाने दिलेली दिशा वेगळं सांगत होती, पण तेव्हा ते तंत्र नवीन होतं आणि डेल्फीवर त्यावर विश्वास ठेवला गेला नाही. वळण अजून पुढे होतं. डेल्फी वळली आणि थेट होंडा पॉइंटच्या खडकांवर गेली. मागच्या तिच्यामागोमाग. सात विनाशिका गेल्या, २३ खलाशी मेले. ही जागा आज व्हँडेनबर्गच्या हद्दीत आहे.

आम्ही किनाऱ्यावर वाढलेली माणसं. धुक्यात भूशीर चुकणं काय असतं ते घरातल्यांकडून ऐकलेलं आहे. म्हणून विचारतो, लाँचच्या दिवशी तिथल्या मच्छीमारांचं काय होतं?

---

सागरगोटा

@नाखवा, ही माहिती दिलीत फार बरं झालं. लाँचच्या आधी समुद्रातला धोक्याचा पट्टा जाहीर करतात, बोटींना सूचना जाते, तेवढ्या वेळात तिथे जायचं नाही. एखादी बोट पट्ट्यात आली तर लाँच थांबतो. पूर्वी हे वर्षातून थोड्या वेळा व्हायचं. आता फाल्कन-९ च्या फेऱ्या इतक्या वाढल्यात की मासेमारी करणाऱ्यांना दर आठवड्याला या सूचना बघून निघावं लागतं. कुलशेखरपट्टिणमलाही उद्या हाच प्रश्न येणार. तिथल्या कोळ्यांना वेळापत्रक आधी आणि त्यांच्या भाषेत मिळावं असं मला मनापासून वाटतं.

---

गुंठेवारी

मी मराठवाड्यात पाणलोटाच्या कामात आहे आणि लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं रोज उघडते. आजवर नऊ लँडसॅट उडाले, नऊच्या नऊ व्हँडेनबर्गहून. सहावा १९९३ मध्ये कक्षेत पोचला नाही, बाकीचे पोचले. पहिला उडाला २३ जुलै १९७२ ला. महाराष्ट्रात ज्या पावसाळ्याने दगा दिला, तोच हा पावसाळा. आमच्या घरी बाहत्तरचा दुष्काळ म्हटलं की आजही सुकडीच्या आणि खडी फोडण्याच्या गोष्टी निघतात, त्यामुळे ही तारीख कळली तेव्हा मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले होते.

आता रोजच्या कामाचं सांगते. लँडसॅट ८ आणि ९ दोन्ही सुमारे ७०५ किलोमीटरवरून फिरतात. प्रत्येकाला तीच जागा पुन्हा दिसायला १६ दिवस लागतात, दोघं मिळून आठ. चित्रातला एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे साधारण नऊ गुंठे. एकरात साडेचार ठिपके मावतात. ज्याची जमीन वीस गुंठे आहे त्याचं शेत म्हणजे दोन ठिपके, त्यातही बांधावरचा ठिपका शेजाऱ्याचा रंग घेऊन येतो. लहान शेतकऱ्याला या चित्राचा थेट उपयोग कमी. पण नाथसागर मार्चमध्ये किती आटला, कोणत्या गावशिवारात उसाचा हिरवा पट्टा वाढतोय आणि कुठे ज्वारी करपलीय, हे तालुक्याच्या पातळीवर लख्ख दिसतं. २००८ पासून ही चित्रं फुकट आहेत. आमच्यासारख्या छोट्या संस्था त्यावरच उभ्या आहेत.

सागरगोटा यांनी 'किंचित पश्चिमेला' म्हटलं, त्याचं मोल आमच्या कामात कळतं. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, त्या फुगवट्याच्या ओढीने उपग्रहाची कक्षा हळूहळू बाजूला सरकते. कक्षेचा विषुववृत्ताशी झुकाव साधारण ९८ अंश ठेवला की ती दिवसाला सुमारे एक अंश सरकते, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती जेवढी पुढे जाते तेवढीच. मग उपग्रह नेहमी सकाळी दहाच्या आसपासच डोक्यावरून जातो. मागच्या वर्षीचं एप्रिलचं चित्र आणि यंदाचं एप्रिलचं चित्र, दोन्हीत सावल्या सारख्या. म्हणून तुलना करता येते. सावल्या बदलत्या असत्या तर पिकाचा फरक कुठला आणि उन्हाचा कुठला हे ठरवण्यातच आमचा जीव गेला असता.

पावसाळ्यात मात्र ढगांमुळे हात टेकावे लागतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा उपग्रह रडारने ढगांतून बघतो, त्यामुळे माझ्यासारखीच्या आशा त्याच्याकडे लागल्यात.

---

मेतकूट

@गुंठेवारी, नऊ गुंठ्यांचा ठिपका हे कायमचं डोक्यात बसलं. वाचनखूण साठवली.

---

पश्चिमवारा

सगळे कौतुक करताहेत, मी थोडं वेगळं लिहितो. मी व्हेंच्युरा काउंटीत राहतो, तळापासून बऱ्यापैकी लांब. स्टारलिंकच्या, म्हणजे स्पेसएक्सच्या इंटरनेट उपग्रहांच्या, बऱ्याच फेऱ्या आता सरळ दक्षिणेला न जाता किनाऱ्याला समांतर आग्नेयेला जातात आणि त्यांचा सोनिक बूम, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने जाताना होणारा दणका, आमच्यावर येतो. रात्री दोन वाजता खिडक्यांची तावदानं थरथरतात, कुत्री पलंगाखाली जातात, आमच्या घरातलं म्हातारं माणूस भूकंप समजून उठून बसतं. एखाद्या वेळेस ठीक. वारंवार झालं की झोपेचं खोबरं होतं.

आणि मुद्दा नुसत्या आवाजाचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये फेऱ्या वर्षाला ३६ वरून ५० करायच्या प्रस्तावाला कॅलिफोर्निया कोस्टल कमिशन या किनाऱ्याचे परवाने देणाऱ्या राज्याच्या संस्थेने नकार दिला. कमिशनचं म्हणणं असं की, यातल्या बहुतेक फेऱ्या एका खाजगी कंपनीचं इंटरनेट वर नेतात, मग त्यांना इतर कंपन्यांसारखा किनाऱ्याचा परवाना लागायला हवा. लष्कराचं म्हणणं, तळ आमचा, आम्हीही ही सेवा वापरतो, म्हणून हे केंद्र सरकारचंच काम. कंपनीने कमिशनवर खटला भरला, कारण काही सदस्यांनी बैठकीत मालक इलॉन मस्क यांच्या राजकारणावरही बोट ठेवलं होतं. ते बोट ठेवायला नको होतं असं मलाही वाटतं, त्याने खरा मुद्दा मागे पडला. पण मुद्दा खरा आहे. सैन्याच्या जमिनीवरून उडालं म्हणून प्रत्येक गोष्ट सैन्याची होत नाही.

---

सागरगोटा

@पश्चिमवारा, तुमच्याशी बराचसा सहमत आहे. या तळाला मिळालेली मोकळीक देशाच्या संरक्षणासाठी म्हणून मिळाली. त्याच मोकळिकीत धंद्याच्या फेऱ्या बसवायच्या असतील तर आवाज कुठवर जातो, किनारा किती तास बंद राहतो, याचं मोजमाप उघड ठेवलं पाहिजे. फेऱ्या बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण त्याच अग्निबाणांनी भाडं खाली आणलं आणि लहान देशांच्या, लहान कंपन्यांच्या उपग्रहांना वाट मिळाली. डिसेंबर २०१८ मध्ये भारतातला पहिला खाजगी उपग्रह एक्सीडसॅट-१ इथूनच गेला. जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या पिक्सेलचे पहिले तीन फायरफ्लाय उपग्रहही इथूनच गेले.

आता स्लिक सिक्स. हे सहा क्रमांकाच्या लाँच पॅडचं बोलीतलं नाव.

१९६६ मध्ये हवाई दलाने इथे 'मॅन्ड ऑर्बिटिंग लॅबोरेटरी'साठी पॅड बांधायला घेतलं. दोन माणसं ध्रुवीय कक्षेत महिनाभर राहून मोठ्या कॅमेऱ्याने टेहळणी करणार होती. बांधकाम होत आलं आणि जून १९६९ मध्ये कार्यक्रमच रद्द झाला. खर्च वाढत होता आणि माणसाशिवायचे उपग्रह तेच काम करू लागले होते. निवडलेल्या अंतराळवीरांपैकी काही जण नासात गेले. त्यातले एक रॉबर्ट क्रिपेन.

क्रिपेन १९८१ मध्ये स्पेस शटलच्या पहिल्या उड्डाणाचे पायलट झाले. इकडे व्हँडेनबर्गला तेच जुनं पॅड शटलसाठी अब्जावधी डॉलर घालून नव्याने बांधलं जात होतं. फ्लोरिडात शटल एका इमारतीत जोडून सावकाश पॅडवर नेत असत. इथे उलट, शटल पॅडवर जागच्या जागी उभं करायचं आणि प्रचंड इमारती रुळांवरून त्याच्याकडे सरकवायच्या, वारा आणि धुक्यापासून आडोसा म्हणून. शटल उतरायला धावपट्टी साडेचार किलोमीटरपर्यंत वाढवली. १९८५ मध्ये एंटरप्राइज हे चाचणीचं शटल पॅडवर उभं करून सगळं नीट बसतंय का तेही पाहिलं. त्याचे फोटो बघा, मागे हिरव्यागार टेकड्या आणि पुढे पांढरं शटल. फ्लोरिडाच्या सपाट दलदलीत असं दृश्य कधीच दिसलं नसतं.

१९८६ मध्ये इथून पहिलं शटल ध्रुवीय कक्षेत जाणार होतं आणि त्याचे कमांडर होते क्रिपेन. म्हणजे साठच्या दशकात ज्या जागेवरून जायचं राहिलं, त्याच जागेवरून सतरा वर्षांनी पुन्हा संधी. पण २८ जानेवारी १९८६ ला फ्लोरिडाहून सुटलेलं चॅलेंजर शटल फुटलं. इथल्या पॅडच्या अडचणी आधीच होत्या, ज्वाळांच्या भुयारात हायड्रोजन साचून स्फोट व्हायची भीती ही त्यातली मोठी. सगळं थांबलं आणि पुढे रद्दच झालं. ध्रुवीय कक्षेत शटल कधीच गेलं नाही. क्रिपेन यांच्या वाट्याला एकाच पॅडवरून हे दोनदा आलं, आणि तरी हा माणूस पुढे केनेडी स्पेस सेंटरचा संचालक झाला. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

नंतर तिथून लहान अथीना अग्निबाण उडाले, २००६ पासून डेल्टा-४, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिथला शेवटचा डेल्टा-४ हेवी गेला. २०२३ मध्ये जागा स्पेसएक्सला भाड्याने दिली.

---

निवळशंख

सगळे उपग्रहांबद्दल बोलताहेत, पण तळाच्या उत्तर भागातून मिनिटमन-३ क्षेपणास्त्रांच्या चाचण्या अजूनही होतात, हे विसरू नये. खंदकातून सुटतं, साधारण अर्ध्या तासात सुमारे ६,७०० किलोमीटरवर मार्शल बेटांमधल्या क्वाजालीनपाशी जाऊन पडतं. अण्वस्त्र नसतं, पण सराव अण्वस्त्राचाच. या चाचण्यांसाठी १९६० च्या दशकात तिथल्या लोकांना मधल्या बेटांवरून उठवून इबाय नावाच्या चिमुकल्या बेटावर आणून ठेवलं. आजही तिथे अतिशय दाटीने लोक राहतात. व्हँडेनबर्गच्या समोर समुद्र मोकळा आहे खरा, पण त्या समुद्राच्या दुसऱ्या टोकाला माणसं आहेत. ओडिशात चांदीपूरला चाचणीच्या वेळी आसपासच्या गावांना तात्पुरतं हलवतात आणि भरपाई देतात. इबायवाल्यांचं हलणं तात्पुरतं नव्हतं.

---

सागरगोटा

@निवळशंख, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. हे धाग्यात असायलाच हवं होतं.

---

कंठेरी

पक्षी बघणाऱ्यांकडूनही थोडं. तळाला लागून सर्फ बीच आहे. तिथे वेस्टर्न स्नोई प्लोव्हर, म्हणजे आपल्या चिखल्यांपैकी एक, वाळूत अंडी घालतो. आपल्या कोकणच्या पुळणीवर हिवाळ्यात दिसणारा केंटिश चिखल्या याचा इतका जवळचा भाऊ की बरीच वर्षं दोघांना एकच जात मानायचे. घरटं म्हणजे वाळूत टाचेने केल्यासारखा खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. १ मार्च ते ३० सप्टेंबर तिथला बराचसा किनारा बंद असतो आणि ठरावीक संख्येपेक्षा जास्त लोकांनी दोरी ओलांडली तर हंगामभर सगळाच बंद करतात. शेजारच्या लॉम्पोक गावचे लोक यावर चिडतात, कारण त्यांना जवळचा समुद्र तोच. पण दक्षिण कॅलिफोर्नियाच्या बहुतेक किनाऱ्यांवर हॉटेलं आणि घरं झाली, इथे तळामुळे मैलोन् मैल वाळू तशीच राहिली आणि म्हणून हा पक्षी इथे उरलाय. अग्निबाणांच्या वाढत्या दणक्यांचा त्याच्या अंड्यांवर काय परिणाम होतो यावर सतत लक्ष ठेवलं पाहिजे. ही नोंद तळाने आणि कमिशनने दोघांनी मिळून करावी.

---

डोंगरवाट

उन्हाळ्यात मुलाकडे लॉस एंजेलिसला येतोय, नातीला अग्निबाण दाखवायचाय. कुठून बघावा?

---

सागरगोटा

@डोंगरवाट काका, उन्हाळा म्हणजे धुक्याचा काळ, विशेषतः रात्री आणि पहाटे. मे २०१८ मध्ये मंगळाकडे निघालेलं इनसाइट पहाटे चारला इथून गेलं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून दुसऱ्या ग्रहाकडे निघालेलं पहिलं यान, आणि जमलेल्या लोकांना धुक्यात फक्त आवाज ऐकू आला. म्हणून संध्याकाळचा लाँच निवडा. सूर्य नुकताच मावळलेला असला तर खाली अंधार आणि वर धुराच्या लोटावर ऊन पडतं, मग तो निळसर पांढरा पंखा लॉस एंजेलिसमधूनही दिसतो. डिसेंबर २०१७ मध्ये असंच झालं तेव्हा लोकांनी महामार्गावर गाड्या थांबवल्या होत्या. तेवढंच बघायचं असेल तर मुलाच्या घराची गच्चीही चालेल, फक्त पश्चिम क्षितिज मोकळं हवं.

जवळून बघायचं तर लॉम्पोकला या. गावातून पश्चिमेला जाणाऱ्या ओशन अव्हेन्यूच्या कडेला लोक गाड्या लावून उभे राहतात. हॅरिस ग्रेड रस्ता उंचावर आहे, धुकं खाली बसलं असेल तर तिथून वरचा भाग दिसतो. लाँचच्या वेळी पुढचे रस्ते बंद करतात, म्हणून तासभर आधी पोचा. बूस्टर, म्हणजे अग्निबाणाचा खालचा टप्पा, परत तळावर उतरणार असेल तर आठ-नऊ मिनिटांनी सोनिक बूमचे दणके बसतात, नातीला आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरेल. दिवसा वेळ असेल तर पॅसिफिक सर्फलायनर रेल्वेने या, ती तळाच्या मधून, समुद्राला अगदी खेटून जाते आणि डब्याच्या खिडकीतून पॅडचे मनोरे दिसतात. एक नक्की लक्षात ठेवा, लाँच ऐनवेळी एक-दोन दिवस पुढे जाणं इथे नेहमीचं आहे. परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका.